अपुऱ्या दिवसांचे मूल आणि त्याचे तापमान

रोग आणि ताप यांचे साहचर्य आपल्या मनात इतके पक्के रुजलेले आहे की, घरात कोणी मलूल दिसले म्हणजे आपला हात आपसूक त्याच्या कपाळाकडे जातो, आणि कपाळ गार लागले की निम्मी काळजी तिथल्या तिथे ओसरते. या समजुतीला शास्त्राचे अधिष्ठान मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. जर्मनीतील लाइपझिग येथील वैद्यकाचे प्राध्यापक कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी वर्षानुवर्षे चिकाटीने जमा केल्या, १८६८ साली त्यांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि रुग्णाच्या खाटेशी तापमानाचा तक्ता टांगण्याची वहिवाट हळूहळू सर्वत्र पडली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी हातभर लांबीच्या बोजड उपकरणाच्या जागी सहा इंची, खिशात मावणारा थर्मामीटर आणला, त्यामुळे हे शास्त्र प्राध्यापकांच्या दालनातून गल्लीबोळातल्या दवाखान्यापर्यंत पोचले. परंतु ही सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे. जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे शरीर आपली उष्णता वाढवून त्याला जबाब देते, हे ते गृहीत. ज्या देहापाशी असा जबाब देण्याचे बळच नाही, त्याच्या बाबतीत थर्मामीटरची साक्ष कशी वाचावी, हा या लेखाचा विषय आहे.

गर्भवासाचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणते. आणि हल्ली तर २८ आठवड्यांचे, किलोभर वजनाचे अर्भकही सुसज्ज रुग्णालयात जगवता येते. उष्णतेच्या बाबतीत अशा अर्भकाची स्थिती मोठी दीनवाणी असते. देहाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग प्रौढ माणसाच्या तिपटीहून अधिक, म्हणजे उष्णता निसटण्याच्या वाटा फार आणि ती निर्माण करणारा देह अल्प. त्वचेचा वरचा थर अद्याप इतका कोवळा की आतले पाणी त्यातून सतत झिरपून उडून जाते, आणि अशा प्रत्येक मिलिलिटर पाण्याबरोबर अर्ध्या किलोकॅलरीहून अधिक उष्णता देहाबाहेर पडते. थंड अंथरूण, दाराच्या फटीतून येणारी झुळूक, इतकेच काय, हातभर अंतरावरची गार भिंतदेखील त्याच्या अंगची ऊब ओढून घेते. थंडीने कुडकुडून अंगात उष्णता आणण्याची मोठ्या माणसाची युक्ती नवजात अर्भकाला साधत नाही. त्याऐवजी निसर्गाने मानेच्या मागे, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एका तपकिरी चरबीची तजवीज केलेली असते, आणि ही चरबी जळते ती केवळ उष्णता देण्यासाठी. पण हा साठा गर्भावस्थेच्या सव्विसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो आणि पुढच्या महिन्यांत भरत जातो. जे मूल त्याआधीच जगात आले, त्याच्या वाट्याला तो जवळजवळ येतच नाही.

अशा मुलांना बाहेरून ऊब पुरवली तर त्यांतली पुष्कळ जगतात, हे पद्धतशीरपणे दाखवून दिले पॅरिस शहराने. तेथील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी अंडी उबवण्याच्या पेट्या पाहिल्या, तेथील प्राणिसंग्रहोद्यानातील ओदिल मार्तँ या गृहस्थाकडून त्याच धर्तीची पेटी मानवी अर्भकांसाठी बनवून घेतली, आणि १८८० साली ती मातेर्निते नावाच्या प्रसूतिगृहात बसवली. दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आल्याचा अहवाल तीन वर्षांतच प्रसिद्ध झाला. तार्निए यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी १९०० साली अर्भकसंगोपनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात मुलाच्या अंगाचे तापमान आणि त्याची जगण्याची आशा यांची सांगड स्पष्ट घातलेली आहे. तरीही ही गोष्ट कसोटीला लागायला अर्धे शतक जावे लागले. न्यूयॉर्कचे विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात एका गटाच्या पेटीतील हवा सुमारे २९ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या गटाच्या पेटीतील हवा सुमारे ३२ अंश ठेवलेली होती. तेवढ्याशा फरकाने जगणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा १५ नी वाढले. नवे औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ तीन अंशांची ऊब! वैद्यकाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके मोठे यश क्वचितच लाभले असेल.

हा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला, याचे कारण असे की, ऊब राखण्याच्या या यशानेच पुढचा पेच निर्माण केला.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाला थंडीच्या खालोखाल भय असते ते जंतूंचे. आईच्या रक्तातील रोगप्रतिबंधक द्रव्ये वारेतून गर्भाकडे जातात ती मुख्यत्वे शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. त्याआधी जन्मलेल्या मुलाची शिदोरी तुटपुंजी राहते. त्यात त्याच्या शिरेत सुई, नाकातून पोटात गेलेली दुधाची नळी, कधी श्वासनलिकेत हवेची नळी. जी साधने त्याला जगवतात, त्यांच्याच वाटेने जंतूही आत येतात. दिल्लीतील मोठ्या रुग्णालयांमधील एका विस्तृत पाहणीचा तपशील २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीत असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जंतू अग्रभागी आढळले, आणि त्यांतले पुष्कळसे अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. अशा जंतूंनी एकदा रक्तात ठाणे मांडले म्हणजे तासांचा हिशेब सुरू होतो. उपचार सकाळी सुरू झाला की संध्याकाळी, यावर जीव जगणे-न जगणे ठरू शकते. म्हणूनच पहिली चाहूल लागण्याला इतके महत्त्व.

आणि ही पहिली चाहूल बहुधा तापाची नसते. नवजात अर्भकाच्या काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या घरगुती फॅरनहाइट मापाने सुमारे ९७.७ ते ९९.५, या मर्यादेत असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. जंतुदोष झालेल्या नवजात अर्भकांपैकी ताप दिसतो तो जेमतेम निम्म्यांत. पुऱ्या दिवसांच्या मुलात तो दिसण्याचा संभव अधिक, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलात बहुतेकदा उलटाच प्रकार घडतो, मूल गार पडते. उष्णता निर्माण करण्याचे साधन आधीच क्षीण, त्यात जंतूंच्या विषाने रक्ताभिसरण ढासळते, दूध पचेनासे झाल्याने इंधन आटते, आणि देहाचा पारा वर चढण्याऐवजी खाली उतरू लागतो. कधी तो वर जातो, तासाभराने खाली येतो, पुन्हा चढतो. कशानेही एका जागी ठरत नाही. अनुभवी परिचारिका अशा मुलाकडे पाहून 'आज याचे काही ठीक दिसत नाही' असे म्हणते, आणि तिच्या या अस्पष्ट शेऱ्यामागे पुष्कळदा तापमानाची ही अस्थिरता, दूध ओढण्यातला कंटाळा, श्वास मध्येच थबकणे, कातडीवर उमटलेली जाळीदार छटा, अशी अनेक लहान लहान निरीक्षणे दडलेली असतात.

गंमत अशी, की आपल्या घराघरांतला जुना पाऱ्याचा थर्मामीटर हा बनवलेलाच मुळी ताप पकडण्यासाठी. त्याची मोजपट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते, त्यामुळे मूल ३४ वर असो की ३२ वर, पारा तळाशी पडून राहणार आणि पाहणाऱ्याला वाटणार, ताप नाही. शिवाय त्याच्या नळीला फुगीर टोकाशी जो अरुंद गळा दिलेला असतो, त्यामुळे एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. सकाळचे माप न झटकता दुपारी पुन्हा घेतले तर मधल्या काळात मूल गार पडल्याची खबर त्याच्याकडून कधीच मिळायची नाही. हा दोष कारागिराचा नव्हे. ताप म्हणजेच रोग, या आपल्या समजुतीची ती काचेत ओतलेली प्रतिमा आहे. म्हणून नवजात मुलांच्या विभागात खालची मापेही दाखवणारा थर्मामीटर वापरण्याचा नियम आहे, आणि तो काखेत लावण्याचा. गुदद्वारात नळी घालण्याची पूर्वीची रीत, आतड्याला इजा होण्याच्या भयाने, बहुतेक ठिकाणी सोडून दिली आहे.

आता 'मुलाला काचेत ठेवले आहे' असे ज्याविषयी आपण म्हणतो, त्या पेटीकडे वळू. आजची पेटी तार्निएच्या पेटीसारखी नुसती गरम हवेची खोली राहिलेली नाही. मुलाच्या पोटावर, बहुधा यकृताच्या जागी, एक बारीक संवेदक चिकटवलेला असतो, त्यावर चकचकीत पत्र्याची टिकली असते, आणि त्याने कळवलेले त्वचेचे तापमान यंत्र क्षणोक्षणी वाचत असते. ते ३६.५ अंशांवर ठेवा असे फर्मान एकदा सोडले, म्हणजे मूल किंचित गार होताच यंत्र हवा तापवते, किंचित उष्ण होताच हवा थंड होऊ देते. व्यवस्था उत्कृष्ट; परंतु तिचा एक परिणाम असा, की मुलाच्या अंगात जंतूंनी धुमाकूळ घातला तरी तक्त्यावरचा आकडा ३६.५ चा ३६.५! व्यापाऱ्याची शिल्लक दररोज तीच दिसते म्हणून धंदा सुरळीत चालला आहे असे मानणारा मुनीम जसा फसतो, कारण शिल्लक कायम ठेवण्यासाठी मालक रोज घरातले किती पैसे गल्ल्यात टाकतो हे त्याने पाहिलेलेच नसते, तसाच इथे केवळ मुलाचे तापमान टिपणारा फसतो. टिपायचे असते ते पेटीतील हवेचे तापमान. किलोभर वजनाच्या ज्या मुलाला पहिल्या दिवसांत ३४-३५ अंशांची हवा पुरत होती, आणि वाढेल तशी ज्याची ही गरज हळूहळू कमी व्हायला हवी, त्याच मुलासाठी एखाद्या रात्री यंत्राला एकाएकी ३६ अंशांची हवा करावी लागू लागली, तर मूल स्वतःची उष्णता राखण्यात हरत चालले आहे असा त्याचा अर्थ. उलट, हवा आपोआप २९-३० वर उतरली, तर यंत्र मुलाचा ताप झाकत आहे असे समजावे. मुलाच्या दप्तरात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतील तरच हा इशारा हाती लागतो.

अर्थात यंत्राची साक्षही डोळे मिटून ग्राह्य धरण्याजोगी नसते. संवेदक सुटून लोंबकळला तर तो पेटीतील हवेचे माप कळवू लागतो, यंत्राला वाटते मूल गार झाले, आणि ते निरोगी मुलाला भाजून काढते. मूल त्या संवेदकावर पालथे झाले तर उलट प्रकार होतो. काविळीसाठी लावलेले निळे दिवे, खिडकीतून येणारे ऊन, जास्तीची दुपटी, दोन-दोन टोपडी, दुधाचा अपुरेपणा, अशी कारणेही तापमान चढवतात. मग जंतूंचा ताप कोणता आणि उन्हाचा कोणता, हे ओळखावे कसे? इथे एक फार सुंदर युक्ती उपयोगी पडते. पोट आणि पाऊल, दोन्हींचे तापमान एकाच वेळी मोजावयाचे. स्वस्थ मुलात या दोहोंत अंशभराच्या आतबाहेर फरक असतो. बाहेरच्या उष्णतेने तापलेले मूल ती उष्णता टाकून देऊ पाहते, त्याच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, पाय पोटाइतकेच उबदार आणि गुलाबी होतात. जंतुदोषाने तापणारे मूल मात्र उष्णता साठवू पाहते. पोट गरम आणि पावले गार, हे त्याचे लक्षण. हा फरक दोन अंशांच्या वर जाऊन तसाच टिकून राहिला तर मुलाला थंडी बाधते आहे, किंवा त्याचे रक्ताभिसरण अडचणीत आहे, किंवा जंतुदोष सुरू झाला आहे, आणि तिन्ही गोष्टींची तातडीने दखल घेणे प्राप्त आहे.

तापमानाने शंका निर्माण होते, निवाडा होत नाही. निवाडा रक्ताच्या संवर्धनाने, म्हणजे त्यातील जंतू वाढवून पाहिल्याने, व्हायचा. पण त्याला एक ते दोन दिवस लागतात, आणि किलोभराच्या मुलाच्या अंगातून रक्त तरी किती काढणार? मधल्या काळात प्रतिजैविके द्यावीत की थांबावे, हा प्रश्न वैद्याला रोज पडतो. न द्यावीत तर मूल गमावण्याचे भय. ऊठसूट द्यावीत तर औषधांना न जुमानणारे जंतू पोसल्याचे पाप. म्हणून अधिक सूक्ष्म खुणांचा शोध सुरू आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की जंतुदोष उघड होण्याच्या काही तास आधी मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांतील स्वाभाविक चढउतार मावळू लागतो. या लयीवर पाळत ठेवून इशारा देणाऱ्या यंत्राची परीक्षा सुमारे ३,००० अल्पवजनी मुलांवर झाली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण शेकडा १०.२ वरून ८.१ वर आले. तापमान, श्वास आणि हृदय यांची साक्ष एकत्र तोलण्याकडे आजचा कल आहे, आणि तो योग्यच आहे.

पण ज्या ठिकाणी पेटी नाही, संवेदक नाही, वीजही भरवशाची नाही, तेथे काय? या प्रश्नाचे जगाने मान्य केलेले एक उत्तर महाराष्ट्रातून आले आहे. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था चालवणारे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोडे लिहू-वाचू शकणाऱ्या स्त्रियांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. ३९ गावांतील या स्त्रिया घरोघर जाऊन नवजात मुलाचे वजन करीत, श्वास मोजीत, तापमान घेत, गार मुलाला उबदार पिशवीत ठेवण्यास शिकवीत, आणि जंतुदोषाची शंका आल्यास आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. काही वैद्यमंडळींना हे मोठे धाडस वाटले. परंतु १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात जे प्रसिद्ध झाले, ते आकडे बोलके होते: या गावांतील दर हजार जन्मांमागे नवजात मुलांचे मृत्यू ६२ होते, ते २५ वर आले.

या कामातील माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे लक्षणांची निवड. दूध ओढणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे वा थांबणे, हातपाय लुळे पडणे, उलटी होणे किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, आणि नाळेत पू होणे, अशी सात लक्षणे संशोधनाअंती ठरली, आणि त्यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर जंतुदोष समजावा असा नियम झाला. या यादीत ताप नाही, गार अंग आहे. आणि एकट्या गार अंगावरही निकाल दिलेला नाही, कारण गडचिरोलीच्या थंडीत उघडे पडलेले निरोगी मूलही गार लागेल. पॅरिसचे प्रसूतिगृह आणि दिल्लीचा अतिदक्षता विभाग जे सांगतात, तेच या झोपडीतल्या नियमात आहे, फक्त यंत्राविना. पुढे २०११ साली केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात मुलांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू करून ही जबाबदारी 'आशा' कार्यकर्तींवर सोपवली, आणि त्यांच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर दिला.

थर्मामीटर जवळ नसेल तरी हात असतोच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. मेहरबान सिंग यांनी तीन दशकांपूर्वी दाखवून दिले की, हाताच्या स्पर्शाने मुलाची अवस्था पुरेशी ओळखता येते: पोट आणि पाऊल दोन्ही उबदार, तर मूल सुखात आहे, पोट उबदार पण पाऊल गार, तर त्याला थंडी बाधते आहे, दोन्ही गार, तर मूल संकटात आहे. कपाळाला हात लावण्याची आपली सवय इथे सोडावी लागते, आणि बाळाच्या पावलाला हात लावण्याची नवी सवय जडवून घ्यावी लागते. मात्र हात स्वतः आधी उबदार हवा आणि धुतलेला हवा, हे विसरू नये.

ज्यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचे मूल रुग्णालयातून नुकतेच आले असेल, त्यांनी ३५ अंशांखालीही मोजणारा डिजिटल थर्मामीटर घेऊन ठेवावा आणि बाळाच्या काखेत तो दिवसातून एक-दोनदा व मूल मलूल वाटेल तेव्हा लावावा. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे तापमान ३७.५ अंश वा त्याहून वर (फॅरनहाइट ९९.५), अथवा ३५.५ च्या खाली (फॅरनहाइट ९५.९) असेल, किंवा मापाचा आकडा काहीही असो, मूल दूध ओढत नसेल, तर त्याला त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे, घुटी, धुरी, शेगडी यांत वेळ घालवू नये, आणि 'ताप तर नाही' या समाधानावर रात्र काढू नये. गार पडलेल्या मुलाला नेताना आईने वा वडिलांनी त्याला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावे, डोक्यावर टोपडे घालावे, वरून शाल गुंडाळावी, आणि वाटेतही शक्य असेल तर आईचे दूध पाजत राहावे.